नकाराचं लाल बटण

"काकू, ते लाल बटण अजून थोडं मोठं करा," वाघमारे सर म्हणाले.

मी स्क्रीनकडं बघितलं. बटण आधीच दोनदा मोठं करून झालं होतं. आता आणखी वाढवलं असतं तर मोबाइलवर मुलीचा फोटो खाली ढकलला गेला असता अन् वर नुसता लाल पट्टा दिसला असता.

"सर, याच्यापुढं मोठं केलं तर लोकांना वाटेल गॅसचा सिलिंडरच ठेवलाय समोर."

"वाटू द्या. दाबतील तरी."

वाघमारे सर म्हणजे आमच्या वधूवर मंडळाचे सचिव. मुख्याध्यापक म्हणून रिटायर झाले, पण शाळा त्यांच्यातून अजून रिटायर झालेली नाही. परभणीत एका खोलीत मंडळाचं ऑफिस आहे. आमच्या बौद्ध समाजातल्या मुलामुलींची सोयरीक जुळवायला मदत करायची, एवढंच काम. आधी वर्षातून एकदा मेळावा व्हायचा. मुलंमुली माइकवर येऊन आपली माहिती सांगायची, अन् सोबत एक पुस्तिका छापली जायची. त्या पुस्तिकेचं टायपिंग माझ्याकडं. मग सरांच्या मनात आलं की आता वेबसाइट करायची, अन् तेही काम माझ्याकडंच आलं.

मी काही इंजिनिअर नाही, हे आधीच सांगून टाकते. टायपिंग शिकले, मग डीटीपी. आयुष्यभर लोकांच्या लग्नपत्रिका अन् बायोडाटे केले. पत्रिका मोबाइलवर जायला लागल्या तशी माझी कामं कमी झाली. मग यूट्यूब बघून बघून वेबसाइटचं डिझाइन शिकले. आता दवाखाने, क्लासेस, मंगल कार्यालयं यांच्या साइट करते. दिसणं आणि वापरणं मी बघते. आतलं कोडिंग प्रज्ञा करते. ती सेलूची, राहते पुण्यात, स्वतःची नोकरी सांभाळून माझी कामं करते. माझ्या मुलीच्या वयाची आहे, पण कामात ती मला सोडत नाही अन् मी तिला सोडत नाही.

आमच्या कामात 'युजेबिलिटी' असा एक शब्द आहे. लय मोठा वाटतो. मी त्याचा अर्थ असा लावते की साइट उघडणाऱ्याला शेजारच्याला "आता काय करू?" असं विचारायची वेळ येऊ नये. बस.

तर साइट चालायची कशी ते सांगते. मुलाकडच्यांनी किंवा मुलीकडच्यांनी एखादं स्थळ पसंत केलं की 'विचारणा' पाठवायची. समोरच्यांच्या मोबाइलवर ती दिसते. खाली दोन बटणं. हिरवं होकाराचं, लाल नकाराचं. होकार दिला की दोघांना एकमेकांचे फोन नंबर दिसतात. आणि सरांचा एक नियम होता, एका वेळी एकच स्थळ. मेळाव्यात लोक एकदम ढीगभर ठिकाणी विचारून ठेवायचे, म्हणून सरांनी तो केला. उत्तर येईपर्यंत, अन् होकार आला तर बोलणी संपेपर्यंत, दोन्ही प्रोफाइल बंद. तिसऱ्या कुणी उघडलं तर 'विचार सुरू आहे' अशी पाटी.

नियम चांगलाच होता. फक्त लाल बटण कुणी दाबत नव्हतं.

हिरवं दाबलं जात होतं, कमी का होईना. लाल मात्र कुणीच नाही. त्यामुळं नको असलेली सगळी स्थळं तशीच लोंबकळत राहिली. ज्याच्या त्याच्या प्रोफाइलवर 'विचार सुरू आहे'. साइट म्हणजे बंद फाटकासमोरचा रस्ता झाला होता. मंडळाच्या मीटिंगमध्ये एकदोघं म्हणायलाही लागले की असली साइट बंद करा, आपली पुस्तिकाच बरी होती.

सरांचं म्हणणं, लोकांना बटण दिसत नाही. ते मला पटेना. साइटच्या मागच्या बाजूनं आम्हाला थोडंफार दिसतं, म्हणजे कोणतं पान किती वेळा उघडलं, माणूस त्यावर किती वेळ थांबला. लोक विचारणेचं पान उघडत होते. बराच वेळ थांबत होते. दुसऱ्या दिवशी परत उघडत होते. ज्याला बटण दिसत नाही तो असा रोज येऊन बघत बसत नाही.

मी हे सांगितलं. सरांनी प्रज्ञाला फोन लावून स्पीकरवर टाकलं.

"जयभीम सर. सोपंय," प्रज्ञा म्हणाली. "सक्तीचं करू. साइट उघडली की पॉपअप येईल. होकार की नकार? उत्तर दिल्याशिवाय पुढं जाताच येणार नाही."

पॉपअप म्हणजे पडद्यावर मध्येच आडवी येणारी चौकट. तुम्ही वाचत असता आणि ती दारात उभी राहते.

सर खूश. "वा! हजेरीसारखं. हजर का गैरहजर? मधलं काही चालणार नाही. काय काकू?"

"बघू सर," मी म्हटलं.

आता आमच्याकडं मोठ्या माणसाला "बघू" म्हटलं की त्याचा अर्थ काय, हे सरांना ठाऊक नसेल असं नाही. पण ज्याला घाई असते त्याला तो ऐकू येत नाही. ते फोनकडं वळून म्हणाले, "काकूंची काही हरकत नाही. कर सुरू."

पॉपअप सुरू झाला आणि सरांचा मला फोन आला. आवाजात नुसता आनंद.

"काकू, तुंबलेलं सगळं वाहायला लागलं! पटापट उत्तरं यायलीत. अन् बघा तरी, सगळे होकार!"

"सगळे?"

"जवळजवळ सगळे!"

मला बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. एवढा सरसकट होकार आपल्या लोकांत जेवायला बसा म्हटल्यावरसुद्धा मिळत नाही.

उत्तर घरी चालत आलं. पिंगळीचे खंदारे आले, सोबत त्यांची मुलगी करुणा. (नावं बदलली आहेत, नाहीतर मला त्या भागात फिरणं अवघड होईल.) खंदारे रेल्वेत गेटमन होते. करुणा नांदेडला एका दवाखान्यात नर्स आहे, त्या दिवशी सुट्टीवर आलेली. त्यांनी वालूरच्या एका मुलाला विचारणा पाठवली होती. मुलगा पुण्यात कंपनीत. महिना उलटून गेला तरी उत्तर नव्हतं आणि करुणाचं प्रोफाइल बंद पडून होतं. मधल्या काळात राणीसावरगावच्या एका घराला ही मुलगी पसंत पडली होती. त्यांना साइटवरून विचारता येईना, म्हणून त्यांनी ओळखीतून खंदाऱ्यांना निरोप धाडला होता की तुमचं तिकडचं काय ते सांगा, न्हाईतर आमी दुसरीकडं बघतो.

खंदारे खुर्चीच्या अगदी टोकावर बसले.

"ताई, एक सांगा. मशीन खोटं बोलायलंय का माणूस?"

"काय झालं?"

"वालूरकडून हिरवं आलं. होकार. मी गल्लीत पेढे वाटले. मग त्यांचा नंबर दिसला म्हणून फोन लावला. तर मुलाची आई म्हणती, बरं झालं फोन केलात, तब्येत कशीय, पाणीपाऊस कसाय. सगळं विचारलं. अन् शेवटी म्हणती, कळवतो."

"बाबा, फोन करायच्या आधीच पेढे वाटायची काय घाई होती?" करुणा म्हणाली.

"अगं हिरवं होतं की! जिंदगीभर हिरवं दाखवूनच गाडी पुढं सोडलीय मी."

मी चहा टाकला. करुणा मागोमाग आत आली. मला वाटलं रडवेली झाली असेल. तसं काही नव्हतं. कपबशा विसळता विसळता शांतपणे म्हणाली, "काकू, नकार आला असता तर मला चाललं असतं. वॉर्डात रोज काय काय ऐकते मी. पण हे लटकत राहणं चालत न्हाई. तिकडं राणीसावरगावचे लोक थांबलेत. बाबांना झोप न्हाई. मला कुणी तरी काय ते एकदा सांगा."

मी म्हटलं, सांगते. काय सांगणार ते मलाही माहीत नव्हतं. पण कुठं जावं लागणार ते कळलं होतं.

मी वालूरची बस धरली.

आमच्या कामात 'युजर टेस्टिंग' म्हणून एक प्रकार आहे. सोप्या शब्दांत, साइट वापरणाऱ्याच्या शेजारी जाऊन बसायचं. त्याच्या हातात त्याचाच मोबाइल द्यायचा आणि आपण तोंड बंद ठेवायचं. बटण इथंय, असं सांगायचं नाही. त्याचं बोट कुठं जातं, कुठं थबकतं, फक्त ते बघायचं. माझ्यासारख्या बडबड्या बाईला हे सगळ्यात अवघड.

मुलाची आई शेवंताबाई. बारवेच्या अलीकडं त्यांची पिठाची गिरणी. मी मंडळाकडून आले म्हटल्यावर त्यांनी गिरणी बंद केली, पदरानं हात पुसले, मला घरात नेलं अन् सुशीला पुढं ठेवला. मुरमुऱ्याचा आमचा हा सुशीला समोर असला की तोंड बंद ठेवणं थोडं सोपं जातं.

"शेवंताबाई, मी साइट बघायला आलेय. तुम्ही जशी रोज उघडता तशी उघडा. मी काही विचारणार नाही."

त्यांनी उघडली. सराईत होत्या हो! झरझर पान वर सरकवलं. त्यांच्या पुतण्याचं प्रोफाइलही त्याच सांभाळत होत्या, त्याला एका घराची विचारणा येऊन पडलेली होती. पॉपअप आला. हिरवं, लाल. त्यांचा अंगठा लालकडं गेला. थांबला. वरच्या वर फिरला. मग त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि मला म्हणाल्या, "घ्या की अजून थोडा."

म्हणजे बटण दिसत होतं. लाल म्हणजे काय तेही कळत होतं. मी घास गिळला आणि नियम मोडला.

"दाबलं का नाही?"

"कसं दाबू? लेकीचा बाप हाय तो. त्याच्या तोंडावर न्हाई म्हणायचं?"

"तोंड कुठंय इथं? मोबाइल आहे."

"मोबाइल असला म्हणून काय झालं? तिकडं तो हातात घेऊन बसलेला असतोय न्हवं? लाल दिसलं की त्याच्या काळजात काय होईल? अन् उद्या त्यांच्याच गल्लीत आपल्याला कुणाच्या मातीला जावं लागलं, तर कोणतं तोंड घेऊन जायचं?"

"मग पिंगळीच्या खंदाऱ्यांना होकार का दिला?"

त्या एकदम माझ्यावरच आल्या. "तुमच्या त्या डब्यानं सोडलंच न्हाई की मला! पोराला दुसऱ्या एका पोरीचा फोटो दाखवायचा होता, तर मधी येऊन हुभा. हो का न्हाई, हो का न्हाई. तीनदा बंद करून बघितलं. मग म्हणलं, हो तर हो बाबा, जाऊ दे आत. फोन आल्यावर मी सांगितलं की त्यांना."

"काय सांगितलं?"

"कळवतो म्हणलं." आणि माझ्याकडं बघून, जणू मी परदेशातून आले असावे तसं, म्हणाल्या, "मुलाच्या आईनं कळवतो म्हणल्यावर कळत न्हाई का माणसाला?"

कळतं. आधी पेढे वाटले नसते तर खंदाऱ्यांनाही कळलं असतं. मला सरांना म्हटलेलं माझं "बघू" आठवलं, आणि मी निमूट पुढचा घास घेतला.

थोड्या वेळानं त्यांनी आवाज खाली आणला. "पोरगी चांगलीय हो. फोटो बघूनच मला आवडली होती. पण आमच्या पोरानंच तिकडं कुणीतरी बघून ठेवलीय. आत्ता सांगितलं त्यानं. आता हे मी कुणाला सांगू?"

"साइट नव्हती तेव्हा काय करायचात?"

"मधला माणूस असायचा की. त्याला म्हणायचं, घरात अजून विचार चाललाय. तो काय समजायचं ते समजायचा. तिकडं जाऊन त्याच्या पद्धतीनं सांगायचा. आपल्या तोंडून गेलं न्हाई, त्यांच्या कानाला टोचलं न्हाई."

परतीच्या बसमध्ये मी विचार करत बसले. सोयरीक जुळवणारे मधले लोक आमच्या मंडळानं जाणूनबुजून काढले होते. बारावी नापासाला इंजिनिअर सांगायचे, वय चोरायचे. साइटच्या पहिल्याच पानावर सरांनी स्वतःच्या हातानं लिहिलेली ओळ होती, 'मध्यस्थाची गरज नाही!' उद्गारचिन्हासकट. पण त्या माणसाकडं खोटं बोलण्याशिवाय आणखी एक काम होतं. ते आम्ही कुणाकडंच सोपवलं नव्हतं.

घरी आल्यावर आधी खंदाऱ्यांना फोन केला.

"खंदारेभाऊ, वालूरचं काही पुढं जाईल असं दिसत नाही."

पिंगळीला स्टेशनात गाडी लागत असावी, तिचा आवाज येत होता.

"आमच्या पोरीत काही कमी बोलले का?"

"एक शब्द नाही. मी समोर बसले होते. मुलगी आवडली म्हणूनच बोलल्या. त्यांच्या घरातली त्यांची अडचण आहे."

"मग बरं," ते म्हणाले. अन् परत, "मग बरं हाय, ताई."

त्या माणसाला नकाराचं काही नव्हतं. त्याला तेवढा एक प्रश्न कुणाला तरी विचारायचा होता. बटणाला तो विचारता आला नसता, कितीही मोठं केलं असतं तरी.

दुसऱ्या दिवशी सरांच्या पुढ्यात बसले. प्रज्ञा फोनवर.

"पॉपअप काढायचा," मी म्हटलं. "लाल बटणही काढायचं. हिरव्याच्या खाली साधं राखाडी बटण, 'मंडळाशी बोलू'. ते दाबलं की विचारणा आपल्याकडं येणार. आपण त्यांच्याशी बोलायचं आणि समोरच्या घरी फोन करून सांगायचं. मग दोघांच्याही मोबाइलवर एकच ओळ, 'ही बोलणी इथं थांबली. तुमचं प्रोफाइल पुन्हा खुलं आहे.' कुणी थांबवली, का थांबवली, ते कुठंच लिहायचं नाही. अन् पंधरवडा उत्तर आलं नाही तर ती विचारणा आपोआप आपल्याकडं येणार."

"काकू, हे तर काम वाढवणं झालं," प्रज्ञा म्हणाली. "जगात सगळीकडं होकार-नकार दोनच बटणं असतात."

"परवा तुझ्या चुलत बहिणीच्या साखरपुड्याला बोलावलं होतं ना? तू जाणार नव्हतीस. काय म्हणालीस त्यांना?"

ती हसायला लागली. "जमवते म्हटलं."

"मग?"

"बरं बरं. करते मी ते राखाडी."

सर चष्मा काढून पुसत होते. "म्हणजे मधला माणूस परत आणायचा. अन् तो मंडळानं व्हायचं."

"खोटं बोलणारा काढला ते चांगलंच केलं सर. पण नकार पोचवायचं काम त्याच्याकडं होतं. ते आपण बटणाला दिलं."

"लोक मंडळाला नावं ठेवतील."

"ठेवू द्या. मधल्या माणसाचं अर्धं काम तेच असतं."

"मुलीच्या बापाला फोन करून मी काय सांगायचं?"

"ते शेवंताबाईला विचारा. गिरणी दुपारी बंद असते."

सर हसले नाहीत, पण त्यांनी पहिल्या पानावरची ती ओळ स्वतः काढायला सांगितली. उद्गारचिन्हासकट.

बदल झाला आणि साइट हळूहळू मोकळी होऊ लागली. राखाडी बटण लोकांनी बिनदिक्कत दाबलं. करुणाचं प्रोफाइल खुलं झालं आणि त्याच आठवड्यात राणीसावरगावची विचारणा रीतसर आली. मुलाचं गंगाखेडला बी-बियाण्याचं दुकान. माणसं चांगली. बघण्याचा कार्यक्रम झाला, सगळं छान झालं. खंदाऱ्यांनी या वेळी पेढे आणले नव्हते, हे मुद्दाम सांगते.

मग एका दुपारी मंडळाच्या ऑफिसात मी बसलेली असताना करुणाच्या नावासमोर राखाडी बटण उमटलं. 'मंडळाशी बोलू.' मी तिला फोन लावला.

"काकू, मुलगा चांगलाय. पण त्याच्या घरचे म्हणतेत नोकरी सोड, दुकान हाय की आपलं, काय गरज. मला नोकरी सोडायची न्हाई."

"मग तूच सांग त्यांना स्पष्ट. तुला तर नकार चालतो म्हणाली होतीस."

"ऐकायला चालतो, काकू." ती खळखळून हसली. "सांगायला न्हाई जमत. तुमी सांगा."

मी फोन ठेवला आणि सरांकडं बघितलं. सर तांब्यातलं पाणी प्यायले. चष्मा सारखा केला. मग राणीसावरगावला फोन लावला. मुलाच्या वडिलांची तब्येत विचारली. सोयाबीन विचारलं. धाकट्याची शाळा विचारली, आणि त्यातला कुणी मास्तर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला, त्याचीही सगळी चौकशी झाली. मला वाटलं आता हे न सांगताच ठेवतात. शेवटी म्हणाले, "ती पिंगळीची बोलणी आपण इथंच थांबवू. मुलीला तिची नोकरी महत्त्वाची वाटते. तुमच्या घराबद्दल तिकडं सगळे चांगलंच बोलले."

पलीकडचं मला ऐकू आलं. "बरं सर. कळवलंत, लय बरं केलं."

सरांनी फोन टेबलावर ठेवला अन् रुमालानं कपाळ पुसलं.

"काकू," ते म्हणाले, "ते लाल बटण बरं होतं हो."

साइट चालू आहे. सरांचे फोनही चालू आहेत, आता त्यांना त्याची गोडी लागलीय. करुणाचं प्रोफाइल सध्या खुलं आहे. घाई तिला नाही, तिच्या वडिलांना आहे. माझ्यापुरतं सांगायचं तर तेव्हापासून कुणी बटण मोठं करा म्हटलं की मी "बघू" म्हणत नाही. सरळ विचारते, ते दाबणारं माणूस कोणत्या गावात राहतं, अन् तिकडं बस कधी सुटते.